चिपरचे ब्लेड बदलायचेत: पऱ्हाटी आणि बाभूळ दोन्ही चालते, कोणतं पोलाद घ्यावं?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. ब्रिकेट प्लांटवरच्या (काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करतात तिथल्या) ड्रम चिपरचे (लाकडाचे तुकडे करणाऱ्या मशीनचे) ब्लेड बदलायचे आहेत. मोटर ७५ एचपी, ड्रमचा व्यास ५०० मिमी, ५९० आरपीएम. ड्रमवर दोन ब्लेड, खाली एक फिक्स ब्लेड. माल ओढणाऱ्या रोलरचा वेग मिनिटाला ३७ मीटर. जानेवारी ते मार्च कपाशीची पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं) चालते, पुढे पाऊस लागेपर्यंत बांधावरची बाभूळ, निंब आणि थोडी सुबाभूळ.

ब्लेडचं माप ५०० × १०० × १२ मिमी, चार स्लॉट. पऱ्हाटीवर सहा-सात तासांत धार जाते. बाभूळ सुरू झाली की धारेचे तुकडे उडतात.

तीन भाव आले आहेत. पहिला ‘एचसीएचसीआर’ (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद), ६० ते ६२ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप). दुसरा ‘चिपर स्टील’, ५६ ते ५८ एचआरसी, दर पहिल्याच्या दीडपट. तिसरा ट्रकच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) बनवून देणारा, सगळ्यात स्वस्त. कोणता घ्यावा? फिक्स ब्लेडची गॅप (ड्रमवरच्या ब्लेडपासूनची फट) किती ठेवावी? आणि धार किती तासांनी काढावी?

धारकाम (जळगाव)

भाऊ, भाव बाजूला ठेवा आणि आधी जुना ब्लेड उन्हात नेऊन धार नीट बघा. ब्लेड कशाने गेला हे धारेवरच लिहिलेलं असतं, आणि त्यावरून पोलाद ठरतं.

धार गोल होऊन काचेसारखी चमकत असेल तर ती घासली गेली आहे, म्हणजे माती किंवा वाळू. अर्धचंद्रासारखे तुकडे निघाले असतील आणि तुटलेली जागा करडी, दाणेदार दिसत असेल तर पोलाद गरजेपेक्षा कडक आहे. धार तुटली नाही पण एका अंगाला वळली, नखाला अडकते, तर ब्लेड मऊ आहे किंवा कोन फार बारीक ठेवलाय. दोन्ही ब्लेडवर बरोबर एकाच जागी खोल खाच असेल तर लोखंड आत गेलंय, तिथे पोलादाचा दोष नाही. आणि धारेलगत निळा किंवा तपकिरी पट्टा असेल तर धार काढतानाच ब्लेड भाजलाय, त्याचं पाणी (तापवून-विझवून दिलेला कडकपणा) उतरलंय.

आता पोलादाचं. ‘एचसीएचसीआर’ म्हणून बाजारात डी-२ आणि डी-३ दोन्ही विकलं जातं. डी-२ मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्के. डी-३ मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या वर. डी-३ लवकर झिजत नाही पण ठोक्याला ठिसूळ, चिपरला तो घेऊच नका. डी-२ चालतो, पण ६० ते ६२ वर नाही. तेवढा कडक डी-२ पत्रा कापायच्या डायला शोभतो. बाभळीच्या गाठीवर त्याची धार उडणारच, कारण त्यात क्रोमियमचे जाड कार्बाइड (कार्बनशी जुळून झालेले अतिकडक कण) असतात आणि चीर त्यांच्या कडेकडेने पळते.

‘चिपर स्टील’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ए-८ च्या घराण्यातलं असतं. कार्बन ०.५ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम ५ ते ८ टक्के, सोबत मॉलिब्डेनम. कार्बन कमी म्हणून कार्बाइड बारीक आणि मोजके, त्यामुळे ठोका सोसतं. मातीत मात्र डी-२ पेक्षा लवकर बोथट होतं.

तुमच्या कामाला दोन वाटा दिसतात. बाभळीच्या हंगामाला चिपर स्टील ५६ ते ५८ वर. पऱ्हाटीच्या हंगामाला डी-२, पण ५२० ते ५४० अंशांवर दोनदा टेंपर करून (कडक केल्यावर पुन्हा तापवून) ५६ ते ५८ वर आणलेला. वर्षभर एकच जोडी वापरायची असेल तर चिपर स्टील घ्या. बोथट ब्लेड पुन्हा धारेला लावता येतो. तुटलेल्या ब्लेडचा तुकडा पुढच्या हॅमर मिलमध्ये (चिप्सचा भुसा करणाऱ्या मशीनमध्ये) जाऊन जाळी फाडतो.

तापीथडी (शिरपूर)

पोलादाबद्दल धारकामदादांशी सहमत. पण सहा-सात तासांत धार जाते हे वाचून मातीचीच शंका येते. आमच्या भाषेत सांगायचं तर, पयले माटी झाडा, मंग ब्लेडनं पाहू.

गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग फरदड (त्याच झाडांचं लांबवलेलं पीक) न घेता डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकायला सांगतो. मग जानेवारीत शेतं मोकळी होतात आणि पऱ्हाटी मुळासकट उपटली जाते. मुळाच्या जुडग्यात काळ्या मातीचा गोळा अडकलेला असतो. नदीकाठच्या रानातली असेल तर वाळू. मातीतली सिलिका पोलादातल्या लोखंडापेक्षा कडक असते. मग ५८ काय आणि ६२ काय, फरक तासांचा पडेल, दिवसांचा नाही.

उपाय साधे आहेत. उपटलेली पऱ्हाटी आठ-दहा दिवस शेतातच आडवी पडू द्या. गोळा वाळला की गाडीत भरण्याआधी दोन काड्यांची मुळं एकमेकांवर आपटली तरी बहुतेक माती गळते. माल घेताना मुळाच्या मातीची वजनात कपात ठरवून टाका, मग देणारा स्वतःच झाडून आणतो. जमत असेल तर जमिनीलगत कापलेली पऱ्हाटी घ्या, दर थोडा जास्त द्यावा लागला तरी परवडते. प्लांटवर ढीग मातीत लावू नका, काँक्रीटचा ओटा करा. लोडरचं बकेट जमीन खरवडत माल उचलत असेल तर दर खेपेला चिपरमध्ये मुरूम जातोय असं समजा.

बांधावरच्या बाभळीत वेगळाच धोका. कुंपणाची काटेरी तार खोडात रुतते आणि साल तिला पोटात घेते, बाहेरून फक्त एक फुगीर रेघ दिसते. खिळे, झुल्याच्या साखळीचे हूक, तेही असतात. जाड खोडावर हातात धरायचा मेटल डिटेक्टर फिरवा. फीडच्या पट्ट्यावर चुंबक बसवला तर सुटं लोखंड धरतो. लाकडात रुतलेली तार तो ओढून काढू शकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

एक जाताजाता. आपल्याकडे केळी जास्त, त्यामुळे कोणीतरी खांब टाकून बघतोच. केळीचा खांब बहुतेक पाणीच असतो आणि उरलेला धागा. तो ड्रमच्या शाफ्टला गुंडाळला जातो आणि बेअरिंगचं सील उचकटतो. चिपरमध्ये नकोच.

फिटरभाऊ (भुसावळ)

बसवण्याबद्दल लिहितो, कारण चांगला ब्लेड वाईट बसवला की महिनाभरात तडकतो.

आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, पॅनेलला कुलूप. ड्रम जड असतो, वीज गेल्यावरही काही मिनिटं फिरत राहतो. पूर्ण थांबला की लाकडी पाचर मारून अडवा. ड्रम हाताने फिरवून बघताना दुसऱ्याचा हात आत असता कामा नये. बोटं याही वेळेला जातात, फक्त मशीन चालू असतानाच नव्हे.

ब्लेड काढल्यावर बैठक रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ करा. बाभळीचा डिंक आणि भुसा दाबून दाबून तिथे खपली तयार होते. ०.१ मिमीची खपली राहिली आणि वरून दाबपट्टी (ब्लेड दाबून धरणारी पट्टी) आवळली की ब्लेड धनुष्यासारखा वाकतो. दर ठोक्याला तो लवतो आणि शेवटी स्लॉटच्या कोपऱ्यातून तडा जातो. साफ केल्यावर नखाने घासून बघा, पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवा. ०.०५ मिमीची पातळ पाती कुठेही आत जाता कामा नये.

बोल्ट नवीन घ्या, १०.९ ग्रेडचे. डोक्यावर आकडा कोरलेला असतो. ८.८ चे दिसायला सारखेच, पण ते ताणले जातात. एम-१६, १०.९ ग्रेड, किंचित तेलकट बोल्टला साधारण २८० न्यूटन-मीटर. मशीनच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. पान्याला पाइप लावून आवळू नका, टॉर्क रेंच वापरा. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही कडांना जा, तीन फेऱ्यांत पूर्ण ताण आणा. रिकामं दहा मिनिटं चालवून पुन्हा तपासा, आणि मालावर पहिला तास झाल्यावर पुन्हा. जुन्या बोल्टचं वय कळत नाही म्हणून दोन-तीन वेळा ब्लेड बदलले की बोल्टही बदला.

हे एवढं का, तर तुमच्या मापाचा ब्लेड चार-साडेचार किलोचा भरतो. ५०० मिमीच्या ड्रमवर ५९० आरपीएमला त्याला बाहेर ओढणारा जोर जवळपास ४०० किलोचा आहे. लाकडाचा ठोका त्याशिवाय. दोन ब्लेडच्या वजनात ५० ग्रॅमचा फरक राहिला तर सेकंदाला जवळपास दहा वेळा साडेचार किलोचा हिसका बेअरिंगला बसतो. म्हणून जोडी काट्यावर ठेवा. फरक ५ ग्रॅमच्या आत हवा. जास्त असेल तर जड ब्लेडची पाठ ग्राइंड करा, धारेकडून नको.

गॅप म्हणाल तर ०.८ ते १ मिमी ठेवा.

तापीथडी (शिरपूर)

फिटरभाऊ, बाभळीला १ मिमी ठीक. पऱ्हाटीला मात्र ०.५ ते ०.६ हवी. पऱ्हाटीची साल म्हणजे ताग-अंबाडीसारखा धागाच. गॅप जास्त असली की लाकूड तुटतं आणि साल न कापता दोन ब्लेडच्या मधून ओढली जाते. बाहेर चिप्सऐवजी दोऱ्या येतात, चाळणी बंद होते आणि अँपिअर चढतात.

फिटरभाऊ (भुसावळ)

पटतं, पण ०.५ वर जाण्याआधी बेअरिंग तपासा. डायल गेज लावून ड्रम पहारीने वर उचलून बघा. ०.२ मिमी खेळ असेल तर ०.५ ची गॅप भाराखाली ०.३ होते, गरम झाल्यावर आणखी कमी. ब्लेड ब्लेडला लागला तर दोन्ही जातात. बेअरिंग घट्ट असेल तरच ०.५.

आणि गॅप एकाच जागी मोजून थांबू नका. प्रत्येक ड्रम-ब्लेडची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, म्हणजे एकूण सहा मापं घ्या. सहांतला फरक ०.१ मिमीच्या आत बसवा. एक ब्लेड पुढे आणि एक मागे राहिला तर पुढचाच सगळं काम करतो, चिप्सही लहान-मोठ्या पडतात.

फिक्स ब्लेडकडे कोणी बघत नाही. त्याची कड गोल झाली असेल तर वर नवी जोडी लावून उपयोग नाही. बऱ्याच मशीनमध्ये तो उलटून दुसरी कड वापरता येते. आधी उलटून बघा, मग नवीन मागवा.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे आभार. जुनी जोडी धुऊन उन्हात बघितली. एका ब्लेडवर मधल्या १५० मिमीमध्ये पाच अर्धचंद्र आहेत, सगळ्यात मोठा ३ मिमी खोल. तुटलेली जागा करडी, साखरेसारखी. कडेच्या भागात धार गोल आणि चमकदार. दुसऱ्या ब्लेडवर धारेलगत दोन बोटं लांबीचा निळसर पट्टा आहे आणि त्याच्या शेजारी केसासारख्या रेघा, धारेला काटकोनात. चिप्स ३० मिमीच्या आसपास, पण टोकाला तुसं राहतात. धार हँड ग्राइंडरवर काढली जाते.

धारकाम (जळगाव)

भाऊ, मग निदान झालं. मधले अर्धचंद्र म्हणजे ठिसूळ पोलाद, कडेची चमक म्हणजे माती, आणि निळा पट्टा आणि केसासारख्या रेघा म्हणजे हँड ग्राइंडर.

त्या रेघा ग्राइंडिंगच्या तड्या आहेत. घरच्या घरी खात्री करायची असेल तर ब्लेड रॉकेलमध्ये अर्धा तास बुडवा, कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड शिंपडा. तड असेल तिथे रॉकेल झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते. उमटली तर तो ब्लेड पुन्हा ड्रमवर चढवायचा नाही, कितीही जाड उरला असला तरी.

हँड ग्राइंडरखाली धारेची पातळ कड क्षणात तापते. २०० अंशांवर टेंपर केलेल्या ब्लेडचं पाणी तिथेच उतरायला लागतं, आणि निळा रंग दिसला म्हणजे तापमान ३०० च्या आसपास जाऊन आलेलं असतं. निळेपणा पॉलिश करून काढता येतो, मऊपणा राहतो. मगाशी ५२० ते ५४० वरच्या टेंपरचं लिहिलं त्याचं हेही एक कारण. तसा ब्लेड ग्राइंडिंगची ऊब जास्त सोसतो.

धार सरफेस ग्राइंडरवर किंवा नाइफ ग्राइंडरवरच काढायची, भरपूर कूलंट सोडून. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक, ४६ ग्रिट, मऊ ग्रेड. एका फेरीला ०.०१ ते ०.०२ मिमी, त्याहून जास्त नको. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या नुसत्या फिरवायच्या. जोडी एकदमच चकवर लावा, म्हणजे दोघांची रुंदी आपोआप सारखी राहते. शेवटी तेलाच्या दगडाने सपाट बाजूची लव (घासताना धारेवर वळून राहिलेली बारीक कड) काढून टाका. लव राहिली तर पहिल्या मिनिटाला ती तुटते आणि धारेचा कण सोबत नेते.

कोन आधी जुन्या, न झिजलेल्या भागावर मोजा. चिपरला साधारण ३० ते ३५ अंश असतो. पऱ्हाटीला ३० ते ३२ चालतो, वाळक्या बाभळीला ३५ कडे जा. तुकडे उडायचे कमी करायला आणखी एक करा. मुख्य कोन झाला की टोकाला फक्त १ मिमी रुंदीचा, पाच अंश जास्त असा दुसरा बारीक कोन द्या. धार किंचित जाड होते, पण टिकते. आणि बाभूळ शक्यतो ओली असतानाच फाडा. एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापलेलं बाभळीचं खोड चिपरला दगडासारखं लागतं.

धार कधी काढायची ते तासांवर ठरवू नका, अँपिअर मीटर बघा. ताज्या धारेवर तोच माल किती अँपिअरवर चालतो ते लिहून ठेवा. १५ टक्के वाढले, किंवा चिप्समध्ये बारीक भुसा आणि तुसं वाढली की थांबा. अशा वेळी ०.३ ते ०.५ मिमी काढून काम भागतं. पार बोथट होऊन खाचा पडेपर्यंत ओढलं तर दीड-दोन मिमी काढावे लागतात. ब्लेडमध्ये झिजवायला २० मिमी रुंदी असेल तर पहिल्या रीतीने निदान ४० धारा निघतात, दुसऱ्या रीतीने १० ते १३.

चिप्सच्या लांबीची काळजी सोडा. मिनिटाला ३७,००० मिमी माल आत येतो आणि ५९० फेऱ्यांना दोन ब्लेड म्हणजे ११८० काप पडतात. भागाकार ३१ मिमी. तुमचं माप बरोबर जुळतंय.

पांझराकाठ (धुळे)

पाट्याच्या ब्लेडचं काय? तो माणूस म्हणतो पाणी चांगलं देतो.

धारकाम (जळगाव)

पाणी चांगलं देत असेलही, तरी ड्रमला नको. पाट्याचं पोलाद बहुतेक ईएन-४५ सारखं, सिलिकॉनचं. लवचीकपणासाठी केलेलं, घासण्यासाठी नाही, त्यामुळे मातीत डी-२ च्या पासंगालाही पुरत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाटा लाखो वेळा लवून आलेला असतो. थकव्याच्या सूक्ष्म चिरा त्यात असू शकतात आणि पाणी देताना त्या उघडतात. ४०० किलोच्या ओढीखाली असा ब्लेड फिरवायचा म्हणजे समोर उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. हाताच्या कडबा कटरला पाटा चालतो.

तसंच तुटलेल्या धारेवर वेल्डिंग भरून पुन्हा घासणारेही भेटतात. वेल्डशेजारचा पट्टा एकाच वेळी कुठे ठिसूळ आणि कुठे मऊ होतो. तेही नको.

ऑर्डर देताना नुसतं ‘जुन्यासारखा’ म्हणू नका. जुना ब्लेड झिजलेला असतो, त्याच्यावरून रुंदी कमीच येईल. लांबी, रुंदी, जाडी, स्लॉटची रुंदी आणि लांबी, स्लॉटच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, धारेपासून स्लॉटचं अंतर आणि कोन कोणत्या बाजूला, हे कागदावर काढून द्या. स्लॉटचे कोपरे गोल मागा, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. पोलादाचा ग्रेड, टेंपरिंग आणि कडकपणा बिलावर लिहून घ्या, सोबत मटेरियल सर्टिफिकेट.

माल आल्यावर प्रत्येक ब्लेडचा कडकपणा तीन ठिकाणी मोजून घ्या, दोन टोकांना आणि मध्ये. तिन्हींत २ एचआरसीपेक्षा जास्त फरक असेल तर भट्टीत ब्लेड सारखा तापलेला नाही, परत करा. मग सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेज लावा. ५०० मिमीत ०.१ पेक्षा जास्त वाक असेल तर बोल्ट आवळून तो सरळ करायचा नाही, तोही परत.

पांझराकाठ (धुळे)

दोन जोड्या मागवतोय. चिपर स्टीलची एक, ५६ ते ५८ वर, आणि पऱ्हाटीसाठी डी-२ ची एक. एक शेवटचं विचारतो. ज्या जुन्या ब्लेडवर फक्त अर्धचंद्र आहेत, तड नाही, तो घासून नव्यातल्या एकासोबत लावला तर चालेल का?

फिटरभाऊ (भुसावळ)

नाही चालणार. ३ मिमीची खाच काढायला त्याची रुंदी ३ मिमीहून जास्त घटणार. १२ मिमी जाड ब्लेडची ५०० मिमी लांब, ३ मिमी रुंद पट्टी गेली म्हणजे वजन १४० ग्रॅमच्या आसपास कमी झालं. तो फरक नव्याची पाठ घासून भरून काढायचा म्हणजे नवा ब्लेड आधीच जुना करायचा. त्या जुन्याला त्याच मापाचा जुना जोडीदार मिळाला तरच वापरा, नाहीतर कपाटात ठेवा. आणि नवी जोडी आली की दोन्हींवर एनग्रेव्हरने (नंबर कोरायच्या हातमशीनने) एकच नंबर कोरा, धारेपासून लांब, दाबपट्टीच्या बाहेरच्या टोकावर. धारेला जाताना आणि येताना जोड्या इथेच मिसळतात.